तिकीट तंजावरचं, थांबा जिंजीचा

पहाटे साडेपाचला चेन्नईतल्या हॉटेलसमोर बस लागलेली असते. डिसेंबर आहे, पण अंगात स्वेटर घालावा अशी थंडी या गावात पडत नाही. तुमची सीट खिडकीची. मागे काकूंनी चिवड्याचा डबा आत्ताच उघडलाय, पुढचे आजोबा डोक्यावरचं एसीचं भोक बंद करायला धडपडतायत आणि दारात उभा राहून गाईड माणसं मोजतोय. एकतीस, बत्तीस, तेहतीस.

गाईड तंजावरचा. घरात मराठी, गल्लीत तमिळ, असं तीनशेहून अधिक वर्षं चालत आलेल्या घरांपैकी एका घरातला. तुमच्याशी तो पुण्याची मराठी बोलतो, पर्यटकांकडून उचललेली. पण मधेच त्याच्या बायकोचा फोन येतो आणि तो खिडकीकडे तोंड करून जे बोलतो, त्यातलं निम्मं तुम्हाला कळतं. शब्द ओळखीचे, हेल तमिळ. ही भाषा तुम्ही कधीच ऐकलेली नाही, आणि तरी ती तुमचीच आहे.

हातातल्या कागदावर तीन दिवसांचा कार्यक्रम छापलाय. पहिल्या दिवसापुढे लिहिलंय, ‘जिंजी किल्ला : दीड तास’.

जिंजी. शाळेच्या पुस्तकात एक ओळ होती, राजाराम महाराज जिंजीला गेले. परीक्षेत ‘कोठे गेले?’ म्हणून एका गुणाला यायची. तो एक गुण तुम्ही मिळवला आणि पुढच्या धड्यावर गेलात. आज त्या ओळीत उतरायचंय.

तिंडिवनमला बस हमरस्ता सोडते. दोन्ही बाजूंना भुईमुगाची शेतं, बांधावर ताडाची झाडं, एकेकटी उभी. मग डोंगर दिसायला लागतात आणि तुम्ही नकळत सह्याद्रीशी तुलना करता. जुळत नाही. इथे कातळाचे थर नाहीत, कडे नाहीत. कुणीतरी हत्तीएवढे गोटे पोत्यातून ओतावेत तशा या टेकड्या. गोट्यावर गोटा, मधल्या फटींत झुडपं. रस्ता सरळ तटबंदीत शिरतो आणि गाईड माइक उचलतो. "डावीकडे राजगिरी, उजवीकडे कृष्णगिरी, मागे राहिला तो चंद्रायणदुर्ग. तीन डोंगर आणि तिघांना मिळून एक तट. तो सुमारे तेरा किलोमीटरचा आहे. दीड तासाने मी हॉर्न देणार."

दार उघडतं. तुम्ही रेलिंग धरून उतरता. शेवटच्या पायरीवरून पाय खाली ठेवता तेव्हा तिथे डांबर नसतं.

साल १६८९, नोव्हेंबर. ईशान्येच्या पावसाने माती भिजलेली. दरवाज्यापाशी घोडी उभी आहेत, पोटं आत गेलेली, आणि काही माणसं. अंगावर यात्रेकरूंचे कपडे, चेहरे रापलेले. त्यांच्यात एक तरुण. तुम्ही त्याला शोधत नाही, सगळ्यांच्या नजरा जिकडे वळतात तिकडे बघितलं की तो दिसतो. वय एकोणीस. मार्चमध्ये थोरल्या भावाला औरंगजेबाने हालहाल करून मारलं. सप्टेंबरात पन्हाळा सोडला, बेदनूरच्या राणी चन्नम्माने मोगलांची भीती न बाळगता वाट दिली, आणि बंगळुराजवळ सगळं संपता संपता वाचलं. बखरी सांगतात की मुक्कामात एकाचे पाय फारच अदबीने धुतले गेले आणि बघणाऱ्यांना संशय आला. तेव्हा खंडो बल्लाळ आणि इतर काही जण मागे थांबले, पकडले गेले, मार खाल्ला, पण यात्रेकरू आहोत एवढंच म्हणत राहिले. तोवर महाराज पुढे निघून गेले होते.

तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे जी या दरवाज्यात उभ्या असलेल्या कुणालाही अजून ठाऊक नसावी. याच महिन्यात तिकडे रायगड पडलाय. येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या हाती सापडलेत. तुमचे ओठ हलतात. पण इथे तुमचा आवाज कुणाला पोहोचत नाही. तुम्ही फक्त बघायचं.

एकोणीस वर्षांचा राजा मान वर करून राजगिरी बघतो. हा किल्ला त्याच्या वडिलांनी बारा वर्षांपूर्वी, १६७७ मध्ये, दक्षिणेच्या स्वारीत घेतला होता. नुसता घेतला नव्हता. नवे तट घातले, खंदक खणले, बुरूज चढवले. त्या काळातल्या एका जेझुइट पाद्र्याने पत्रात लिहून ठेवलंय की हे काम युरोपातल्या माणसांनाही कमीपणा आणणार नाही असं झालंय. रायगड हातचा, राजगड हातचा, मग हजार किलोमीटरवरच्या या गोट्यांच्या डोंगरावर एवढा पैसा आणि एवढी मेहनत का, असं तेव्हा कुणीतरी नक्की म्हणालं असेल. उत्तर आज घोड्यावरून उतरतंय.

तुम्ही चढायला लागता. पायऱ्या उंच, दगड गुळगुळीत. एक दरवाजा, मग वळण, मग आणखी एक दरवाजा. वर जाता जाता वर्षं सरकतात आणि खालचं मैदान भरत जातं. १६९० चा पावसाळा सरतो तेव्हा मोगल सरदार झुल्फिकारखानाचे तंबू लागतात. १६९१ मध्ये औरंगजेबाचा मुलगा कामबक्ष येतो, वजीर असदखान येतो. रात्री तटावरून बघितलं तर खाली शेकोट्याच शेकोट्या. १६९२ चा डिसेंबर येतो, याच दिवसांतला, आणि त्या शेकोट्यांच्या पलीकडे गडबड उडते. महाराष्ट्रातून संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव फौजा घेऊन पोहोचलेत. कांचीचा फौजदार अलीमर्दानखान संताजींच्या हाती लागतो. वेढा घालणारेच वेढ्यात सापडतात, त्यांची रसद तुटते.

शिखराच्या जरा खाली डोंगर दुभंगलेला आहे. खोल घळ. पलीकडे जायला लाकडी पूल, आणि तो काढून घेतला की राजगिरीचा माथा बाकी जगापासून तुटतो. तुम्ही पुलावरून जाता. खाली बघू नका.

मला विचाराल तर जिंजीतली सगळ्यात मोठी गोष्ट लढाई नाही. ती एका माणसाच्या बैठकीवर घडतेय. खाली उतरून या, कल्याण महालाच्या बाजूला. त्याचा तो चौकोनी मनोरा, मजल्यावर मजला रचत वर निमुळता होत गेलेला, कुठूनही दिसतो. १६९४ च्या आसपासची दुपार. सावलीत एक वयस्क माणूस बसलाय, मांडीवर कागद, हातात बोरू. त्याने आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. आता त्या रेघेला अक्षरं लटकवत तो हात न उचलता मोडी लिहितोय. रेघ आधी, अक्षरं मागून. शाई वाळायला तो क्षणभर थांबतो, कागद तिरपा धरतो आणि पुन्हा सुरू.

हा कृष्णाजी अनंत सभासद. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेला, त्यांना डोळ्यांनी पाहिलेला माणूस. राजारामांनी त्याला सांगितलंय की आमच्या वडिलांचं चरित्र लिहून द्या.

हे वाक्य दोनदा वाचावं असं आहे. राजाराम दहा वर्षांचे होते तेव्हा महाराज गेले. दहा वर्षांच्या मुलाला बाप किती आठवणार? आणि तोही असा बाप, जो सतत मोहिमांवर. आता हा मुलगा बापाने बांधलेल्या तटाच्या आत राहतोय, बापाने जमवलेली माणसं त्याच्यासाठी लढतायत, आणि तो म्हातारपणाकडे झुकलेल्या एका दरबारी माणसाला विचारतोय की ते कसे होते, त्यांनी काय काय केलं. बाहेर तोफा चालू आहेत. आत अफजलखानाची भेट लिहिली जातेय, आग्र्याहून सुटका लिहिली जातेय, राज्याभिषेक लिहिला जातोय. छत्रपतींची आपल्याकडची सगळ्यात जुनी बखर ही अशी लिहिली गेली. ना रायगडावर, ना पुण्यात, तर तमिळ मुलखात, वेढ्याच्या आत.

घरी असताना माणसाला घराची हकीकत लिहावीशी वाटत नाही. ती भिंतींवर असते, बोलण्यात असते. घर सुटलं की ती कागदावर उतरवण्याची घाई होते. तुम्ही त्या बोरूकडे बघत राहता. कागदावरची पुढची रेघ ओढली जाते.

१६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडतो, पण त्याआधीच महाराज वेलोरच्या वाटेने निसटलेत आणि पुढे विशाळगडाला पोहोचतात. मोगलांच्या बाजूला असलेल्या शिर्क्यांची मदत मिळावी म्हणून खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन त्यांना देऊन टाकलं, असं बखरी सांगतात. बंगळुराजवळ मार खाणारा तोच माणूस. सात वर्षांहून अधिक काळ मोगलांची एवढी मोठी फौज इथे गुंतून पडली आणि तेवढ्या काळात तिकडे सह्याद्रीत रामचंद्रपंत अमात्यांनी राज्याची घडी बसवली. एका गुणाचा प्रश्न एवढा होता.

हॉर्न वाजतो. तुम्ही धावत येता, पायाखाली पुन्हा डांबर. पायऱ्यांवर माकडं बसलीत, तिकीट खिडकीशेजारी शहाळी रचलीत. कृष्णगिरीच्या बाजूने शाळेची सहल येतेय. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा हा. गाईड मोजतो. बत्तीस. "तेहतिसावे कोण?" तुम्ही हात वर करता.

तिथून पुढे बस दक्षिणेला लागते. पनरुटीच्या आसपास माती लाल होते आणि काजू-फणसाच्या बागा सुरू होतात. कोकणातल्या सहप्रवाशांना एकदम गाव आठवतं, बसमध्ये फणसावरून वाद पेटतो, कापा की बरका. वेलोर या सहलीत नाही याची मला खरंच हळहळ वाटते. तिथला पाण्याने भरलेला खंदक बघायला हवा. सभासदाने त्यातल्या सुसरी हजारांत सांगितल्यात. समोरच्या डोंगरांवर मराठ्यांनी उभे केलेले दोन किल्ले आहेत, त्यांची नावं साजरा आणि गोजरा. वेढा घालायला आलेल्या सैन्याने इतकी लाडकी नावं ठेवावीत! पण तीन दिवसांत सगळं बसत नाही.

कोल्लिडमचं रुंद पात्र ओलांडलं की देश बदलतो. कावेरीचा त्रिभुज प्रदेश. नजर जाईल तिथवर भाताची खाचरं, साम्बा हंगामाचं पीक पोटरीत आलेलं, बगळे, पाटाचं पाणी, आणि क्षितिजावर कुठल्या ना कुठल्या देवळाचं गोपुर. कुंभकोणमला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही हॉटेलबाहेर येता. मार्गळी हा तमिळ महिना चालू आहे. एक बाई दारासमोर सडा टाकून रांगोळी घालतेय. आधी ठिपके, मग चिमटीतून पीठ सोडत ठिपक्यांभोवती वळणारी एकसलग रेघ, कुठेही न तुटणारी. मधोमध शेणाचा छोटा गोळा आणि त्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळंधमक फूल. तुम्हाला कालची मोडी आठवते. हाताची सवय तीच, न उचलता पुढे जाण्याची. कोपऱ्यावरच्या दुकानात पितळी दवऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, कॉफी मिळते. ती दवऱ्यातून पेल्यात आणि पेल्यातून दवऱ्यात उंचावरून ओतायची, फेस येईपर्यंत. दोन प्या.

तिसरा दिवस तंजावर. सकाळी राजवाडा.

इथे उतरताना सालाची घाई करू नका, एकामागून एक येतील. १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, इथे ज्यांना एकोजी म्हणतात, त्यांनी तंजावर घेतलं. त्यांचे चिरंजीव शहाजी १६८४ मध्ये गादीवर आले. हे राजे स्वतः नाटकं लिहायचे, तेलुगूत आणि मराठीतही. जिंजीला वेढा पडत होता त्याच सुमारास इथे दिव्यांच्या उजेडात मराठी नाटकाचे शब्द उच्चारले जात होते. सांगलीत विष्णुदास भावे ‘सीतास्वयंवर’ करतील ते १८४३ मध्ये. अजून दीडशे वर्षं बाकी आहेत. तुम्ही दिवाणखान्याच्या खांबाआड उभे राहता. सूत्रधार येतो, पुढे विदूषक. समोर बसलेल्यांत मराठी येणारे थोडे, तेलुगू आणि तमिळ येणारे जास्त, आणि हसू सगळ्यांनाच येतंय.

पुढचं दालन सरफोजींचं. दुसरे सरफोजी, १७९८ ते १८३२. त्यांचा संगमरवरी पुतळा राजवाड्यातच आहे, लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने घडवलेला, हात जोडून उभा. पण माणूस बघायचा तर सरस्वती महाल ग्रंथालयात चला. १८२० च्या आधीची एखादी सकाळ. ताडपत्रांचे गठ्ठे, कापडात बांधलेले मोडीचे रुमाल, युरोपातून आलेली चामडी बांधणीची पुस्तकं. राजे एक पुस्तक उघडतात आणि पहिल्या पानावर इंग्रजीत सही करतात. अशा त्यांच्या सह्या कितीतरी पुस्तकांवर आजही दिसतात. एका टेबलावर धन्वंतरी महाल या त्यांच्या रुग्णालयातले कागद. मोतीबिंदूच्या रोग्यांची नोंद, आणि प्रत्येकाच्या नोंदीसोबत त्याच्या डोळ्याचं रंगीत चित्र. जवळ जाऊन बघा. बुबुळावर दुधासारखा पांढरा पडदा, कोपऱ्यातल्या लाल शिरा, पापणीचा एकेक केस. कुणातरी गरिबाचा डोळा चित्रकाराने देवाच्या मूर्तीचा रंगवावा तितक्या मन लावून रंगवलाय. शेजारच्या खोलीत देवनागरी खिळ्यांचा छापखाना आहे. १८०६ मध्ये त्यातून इसापाच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या, ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने, मुलांनी वाचाव्यात म्हणून. मुंबईत मराठी छपाई रुळायला त्यानंतर कितीतरी वर्षं जायची होती.

हे सगळं करणाऱ्या राजाकडे राज्य नव्हतं. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला आणि सरफोजींकडे उरला तो किल्ला, राजवाडा आणि वसुलातला वाटा. ज्याच्याकडे फौज नाही त्याने पुस्तकं जमवली, डोळे बरे केले, शाळा काढल्या. काहींना ही हार वाटते. मला वाटत नाही.

देऊळ दुपारी बंद असतं म्हणून तुम्ही चारनंतर बृहदीश्वराला पोहोचता. चपला बाहेर. दोन गोपुरं ओलांडली की समोर विमान. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं, दोनशे फुटांहून उंच, ग्रॅनाइटचं. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सावली पडते, तुमच्या पायावरच पडलीय बघा, आणि त्याने त्याचं मोठेपण तिळभर कमी होत नाही. खालच्या भागावर सगळीकडे तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. देवळाला कुणी काय दिलं, किती सोनं, किती दिवे. हजार वर्षांपूर्वीचा हिशोब दगडात.

बाकीची मंडळी नंदीपाशी फोटो काढतायत. गाईड तुमच्या खांद्याला हात लावतो. "काका, तुम्ही माझ्याबरोबर या." तो तुम्हाला आवाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडे नेतो, ओवरीतल्या भिंतीकडे, आणि पुढे काही न बोलता निघून जातो.

डिसेंबर १८०३. भिंतीसमोर पाथरवट बसलाय. छिन्नीचा आवाज बारीक, एका लयीत. टक टक, फुंकर, टक टक, फुंकर. दगडाची धूळ त्याच्या भुवयांवर. त्याच्या शेजारी एक माणूस कागद धरून उभा आहे आणि एकेक अक्षर बोटाने दाखवतोय. भोसल्यांच्या कुळाची हकीकत, मूळ पुरुषांपासून मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी आणि पुढे सरफोजींपर्यंत. बाबुराव चिटणिसांनी ती रचलीय. इथे मोडी नाही, देवनागरी. कुणालाही वाचता यावी म्हणून असेल.

आणि याच महिन्यात, तुम्हाला ठाऊक आहे, उत्तरेकडे काय चाललंय. सप्टेंबरात इंग्रजांशी असईची लढाई झाली. नोव्हेंबरात लासवारी आणि आडगाव. आता डिसेंबरच्या मध्यावर गाविलगडाचे दरवाजे फुटतायत. तिकडे मराठ्यांचं राज्य हातातून चाललंय आणि इथे, दुसऱ्याच राजघराण्याने बांधलेल्या देवळाच्या भिंतीवर, राज्य आधीच गेलेला एक राजा आपण कोण ते दगडात लिहवून घेतोय. सभासदाच्या बोरूपासून या छिन्नीपर्यंत शंभर वर्षांहून थोडं जास्त अंतर आहे. काम एकच.

पाथरवट हात थांबवतो, अक्षरावरून अंगठा फिरवतो, खोली पुरेशी आहे का बघतो. त्याला ही लिपी वाचता येते की तो नुसता आकार कोरतोय, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. पण वेलांटीच्या टोकाला तो जी गोलाई देतो, ती न कळणाऱ्या हाताची वाटत नाही.

मग तो नसतो. धूळ नसते. भिंत आहे, तिच्यावर दोनशे वर्षांचा लेख, आणि तुम्ही तिच्यासमोर एकटे. ओळी लांबच लांब, अक्षरं लहान, काही झिजलेली. शेजारून तमिळ कुटुंबं जातायत, एक लहान मुलगी तुमच्याकडे बघून थबकते आणि आईचा हात धरून पुढे जाते. तुम्ही चष्मा पुसता. तीन दिवसांत रस्त्यावरची एकही पाटी तुम्हाला वाचता आली नव्हती. इथे पहिला शब्द लागतो. मग दुसरा. जोडाक्षरं जुन्या वळणाची, तिथे अडखळता, मागे जाता, पुन्हा येता. नकळत मोठ्याने वाचायला लागता.

पार्किंगमध्ये हॉर्न वाजतो. गाईडचा माइक इथवर ऐकू येत नाही, पण तो मोजत असणार. तीस, एकतीस, बत्तीस.

तुमचं बोट दगडापासून एक इंच दूर, हवेतच, ‘एकोजी’वर आलंय. तुम्ही पुढची ओळ सुरू करता.